लेकरू शिडी घेऊन निघालं तर जाऊ द्या

ताई, दादा, दहावी-बारावीचे निकाल लागले की पुणे-नगर रस्त्यावरच्या आपल्या सुप्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर एकच विषय चालतो: पोराला घालायचं कुठं? एमआयडीसी दारात आहे, नगर जवळ आहे, पुणं एसटीने सकाळी जाऊन रात्री परत येण्याइतकं लांब. वाटा भरपूर, म्हणून गोंधळही भरपूर. त्यात हल्ली एखादं लेकरू म्हणायला लागतं, "मला नेटवर्किंगमध्ये जायचंय." ते ऐकताच आईबापाच्या डोळ्यांपुढे येतो खांबाला शिडी लावून काळी वायर ओढणारा पोरगा. त्याला आपण 'वायफायवाला' म्हणतो. "एवढं शिकवलं ते याच्यासाठी का?" हा प्रश्न मी आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ऐकला आहे. मी याच तालुक्यातली आणि याच कामावर माझं घर चालतं, म्हणून आज तुमच्याशी मोकळं बोलते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या धंद्यात शिडी ही खालची पायरी आहे, पण ती वगळून वर चढता येत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने केबल ओढली, टोकाला कनेक्टर बसवला, बंद पडलेली लाईन शोधून चालू केली, त्याचं पुढचं शिक्षण पक्कं बसतं. ज्याने नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळवलं, तो मुलाखतीत अडखळतो. मुलाखतीत निभावलं, तर पहिल्या मोठ्या बिघाडाच्या रात्री अडखळतो. तेव्हा लेकरू शिडी घेऊन निघालं तर त्याला अडवू नका. अडवायची जागा वेगळी आहे, तिच्याकडे मी पुढे येते.

आधी आपल्या सुप्याकडेच बघा. नेटवर्क म्हणजे मोबाईलची रेंज, एवढंच आपल्याला वाटत असतं. पण पुणे-नगर रस्त्यालगतच्या आपल्या एमआयडीसीत आता जुन्या वसाहतीला जोडून नवे टप्पे झाले, जपानी उद्योगांसाठी भाग राखला गेला, एअर कंडिशनर बनवणारे कारखाने आले. अशा कारखान्यात लाईनवरचं मशीन पीएलसी नावाच्या छोट्या संगणकावर चालतं. तो पीएलसी केबलने स्विचला, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीला, जोडलेला, तो स्विच पुढच्या स्विचला, आणि शेवटी सुपरवायझरच्या पडद्यावर दिसतं की आज किती नग निघाले, कुठली मोटर तापली, कुठल्या स्टेशनवर लाईन थांबली. गेटवर चेहरा दाखवून लागलेली हजेरी त्याच जाळ्यातून पगाराच्या हिशेबात जाते. काट्यावर ट्रक उभा राहिला की वजन थेट बिलात उतरतं. तुमच्या ओळखीचा कोणी लाईनवर कामाला असेल तर त्याला विचारा, 'सर्व्हर डाऊन' झाल्यावर शॉपवर काय धावपळ उडते ते.

या जाळ्याची आखणी डोकं लावून करावी लागते. तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच वापरायची असते आणि कारखान्याचं शेड त्याहून लांब असू शकतं. शिवाय वेल्डिंग मशीन आणि मोठ्या मोटरांचे ड्राइव्ह यांच्यामुळे होणारा विजेचा गोंगाट तांब्याच्या तारेत शिरतो आणि संदेश बिघडवतो. म्हणून लांबच्या पल्ल्याला काचेचं फायबर टाकतात. त्यातून प्रकाश जातो, त्याला हा गोंगाट बाधत नाही. वळवाच्या पावसात जवळ वीज कोसळली तरी काचेतून ती आत येत नाही. कुठं तांबं आणि कुठं काच, एक स्विच गेला तर संदेश कुठल्या दुसऱ्या वाटेने फिरवायचा, कॅमेऱ्यांची वाहतूक मशीनच्या वाहतुकीत मिसळू नये म्हणून काय करायचं, हे ठरवणारा तो नेटवर्कवाला. आपल्या माळावरच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात ना, तसल्या चक्कीच्याही आत एक नियंत्रक बसलेला असतो आणि वाऱ्याचा वेग, पात्यांचा कोन, तयार होणारी वीज यांची खबर तो नियंत्रण कक्षाला सतत देत असतो. वारा आहे, चक्की धडधाकट आहे, पण खबरच पोचत नाही, अशा वेळी कोणाला तरी डोंगर चढून जावं लागतं.

आता एक गोष्ट, जी पुण्यातल्या क्लासच्या जाहिरातीत तुम्हाला सापडणार नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलेल्या आपल्या मुलांना मशीन कळतं, पॅनल कळतं, पण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा पत्ता, म्हटलं की ती मागे सरतात. कॉम्प्युटरची पदवी घेतलेल्या मुलांना आयपी कळतो, पण पॅनल उघडायला हात धजत नाही. दोन्ही येणारं माणूस कारखान्याला हवं असतं आणि ते सहजी मिळत नाही. मॉडबस, प्रोफिनेट ही मशीनच्या आपसातल्या बोलण्याची रीत आहे, आणि आयटीआय झालेला मुलगा काही महिने मन लावून बसला तर ती शिकू शकतो. सुप्यात राहून करिअर करायचं असेल तर मला ही वाट सगळ्यांत भक्कम वाटते. पुण्या-मुंबईच्या मुलाला कारखाना बघायला परवानगी काढावी लागते. तुमचं लेकरू कारखान्यांच्या शेजारी वाढतं आहे.

आणि ही जबाबदारी लहान नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून सुरू होऊन जगभर पसरला. मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीची यंत्रणा त्यात कोलमडली आणि त्याच समूहाकडे असलेलं आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. कंटेनर भरलेले, ट्रक रांगेत उभे, आणि कुठला माल कुठं ठेवायचा हे सांगणारी यंत्रणा मुकी झालेली. नगर-नाशिककडचा कांदा आणि द्राक्षं जहाजावर चढतात ती याच बंदरात. म्हणजे दूर देशातल्या एका संगणकातला उपद्रव आपल्या मालाच्या वाटेपर्यंत येऊन पोचला. कारखान्याच्या मशीनचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळं ठेवायचं, मध्ये फायरवॉल नावाची राखण लावायची, कोणालाही वाटेल तिथं पेनड्राइव्ह खुपसू द्यायचा नाही, ही शिस्त राखणारं माणूस तुमच्या घरातून निघणार असेल तर ते काम मानाचं आहे.

एक रात्र तुम्हाला अजून आठवत असेल, ४ ऑक्टोबर २०२१ ची. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप बंद पडलं. सगळे फोन बंद-चालू करत होते, वायफायवाल्याला फोन लावत होते. बिघाड सुप्यातही नव्हता आणि मुंबईतही नव्हता. फेसबुक कंपनीत देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा दिली गेली, त्यांची डेटा सेंटर एकमेकांपासून तुटली आणि बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ताच सापडेनासा झाला. दुरून दुरुस्ती करायची वाटही त्याच नेटवर्कवरून जात होती, त्यामुळे तीही बंद. शेवटी माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली. सगळं पूर्वपदावर यायला सहा तासांच्या आसपास गेले. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीलाही त्या रात्री माणूस यंत्रांच्या रॅकपर्यंत पाठवावाच लागला, हे मी मुलांना नेहमी सांगते.

तर मग या कामाला लागतं काय? गणिताचे ९५ टक्के लागतात का? फाडफाड इंग्रजी लागतं का? माझ्या मते पहिल्यांदा लागतो तो धीर, आणि तो तुमच्या घरात आहे. ठिबकच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही तेव्हा तुम्ही काय करता? आधी मोटर बघता, मग फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग सबमेन, मग ती नळी. एकेक टप्पा तपासून बाजूला ठेवता आणि अडलेल्या जागी पोचता. बिघाड शोधायची नेटवर्कमधली रीत अगदी हीच. आधी केबल घट्ट बसली आहे का आणि पोर्टवरचा दिवा लागला आहे का ते बघायचं. मग संगणकाला आयपी पत्ता मिळाला का. मग जवळच्या राउटरला पिंग (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक) जातं का. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला जातं का. एवढं सगळं ठीक असून वेबसाइट उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था तपासायची. घाबरून एकदम पाच गोष्टी बदलणारा माणूस बिघाड वाढवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते वहीत लिहायचं, ही सवय ज्याला लागली तो या धंद्यात टिकतो.

म्हणून मुलाला संध्याकाळी "आज काय शिकलास?" असं विचारू नका, त्याला "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं. "आज काय बंद पडलं होतं? तुला कारण कसं कळलं?" असं विचारा. तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी चालेल. न कळणाऱ्या माणसाला समजेल असं सांगता येणं, हा या नोकरीचा निम्मा भाग आहे. मॅनेजरलाही त्यातलं फारसं कळत नसतं. घरी रोज ज्याने आईला समजावून सांगितलं, त्याला मुलाखतीत बोलायची वेगळी तयारी करावी लागत नाही.

शिक्षणाच्या वाटा तीन-चार आहेत आणि त्या एकमेकींना मिळतात. दहावीनंतर आयटीआयला कोपा हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड आहे, आणि संगणक-नेटवर्कच्या देखभालीचा आयसीटीएसएम हा दोन वर्षांचा ट्रेडही आहे. तो जवळच्या कुठल्या संस्थेत चालू आहे हे प्रवेशाच्या वेळी बघून घ्या. दहावीनंतर तीन वर्षांचा कॉम्प्युटर किंवा आयटीचा डिप्लोमा होतो, नगरला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आज आयटीआयला घातलं म्हणून पुढची दारं बंद झाली, असं मुळीच नाही. बारावीनंतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आहे, बीसीए आहे. बीसीएला २०२४ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते, तिची तारीख चुकवू नका. आणि इंजिनिअरिंग झाल्यावर आणखी खोलात जायचं असेल तर पुण्यात १९८८ साली डॉ. विजय भटकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सी-डॅकचा आयटी यंत्रणा आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. त्याला सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा असते.

यांतली कुठली वाट चांगली? घरची ऐपत आणि मुलाचा कल बघून ठरवा. डिप्लोमा झालेला आणि हाताने काम केलेला मुलगा नुसत्या पदवीच्या मुलाच्या पुढे गेलेला मी पाहिला आहे. मोठ्या कंपन्यांत बढती घेताना पदवी विचारतात, हेही खरं आहे. पण ती नोकरी करता करता घेता येते.

आता अडवायची ती जागा. शहरातल्या काही क्लासच्या जाहिराती तुमच्या मोबाईलवर येत असतील: सहा महिन्यांत नेटवर्क इंजिनिअर, नोकरीची हमी, फी लाख-दीड लाख, हप्त्याची सोय. हप्ता म्हणजे कर्ज असतं. सही कोणाच्या नावावर घेतात ते नीट वाचा. आणि हे लक्षात ठेवा की सिस्को कंपनीची सीसीएनए ही या क्षेत्रातली ओळखीची पहिली परीक्षा कोणीही देऊ शकतं, तिला कुठल्याच क्लासची अट नाही. दोन तासांचा पेपर, फी ३०० डॉलर आणि वर कर, आणि प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नव्याने करावं लागतं. सरावासाठी पॅकेट ट्रेसर नावाचं सॉफ्टवेअर सिस्कोच्या नेटवर्किंग ॲकॅडमीच्या साइटवर नाव नोंदवलं की फुकट मिळतं. त्यात पडद्यावरच राउटर-स्विच मांडून अख्खं नेटवर्क उभारता येतं आणि मोडून बघता येतं. तिथले सुरुवातीचे अभ्यासक्रमही फुकट आहेत. परीक्षेची फी मोठी आहे हे मला मान्य. म्हणूनच ती पूर्ण तयारी झाल्यावरच भरायची, निकाल लागला की लगेच भरायची नाही.

क्लास लावायचाच असेल तर पैसे देण्याआधी स्वतः जाऊन बघा. खरे राउटर आणि स्विच आहेत का? किती मुलांमागे एक रॅक आहे? मुलांच्या हातात केबलला कनेक्टर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल देतात का? सुट्टीच्या दिवशी लॅब उघडी असते का? मागच्या वर्षीच्या दोन मुलांशी बोलू द्या म्हणा, आणि त्यांना नोकरी कुठं लागली हे विचारण्याऐवजी तिथं ती रोज काय काम करतात ते विचारा. 'डम्प' हा एक शब्द लक्षात ठेवा. फुटलेले प्रश्न आणि उत्तरं पाठ करून परीक्षा पास व्हायची, त्या कागदांना मुलं डम्प म्हणतात. असा पास झालेला मुलगा आतून पोकळ राहतो आणि त्याला ते स्वतःला ठाऊक असतं. जो क्लास डम्प देतो तिथून लेकरू बाहेर काढा.

हाताने शिकण्याची परंपरा आपल्याला दूर शोधायला नको. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ साली विज्ञान आश्रम उभा केला. शाळेत मागे पडलेली, शाळा सुटलेली खेड्यातली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, सुतारकाम करत करत तिथं विज्ञान शिकली. हात चालला की डोकं चालतं, यावर डॉक्टरांचा विश्वास होता आणि मुलांनी तो खरा केला. नेटवर्किंगलाही हेच लागू आहे. केबलच्या आठ तारा क्रमाने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. वाचून हे दहा मिनिटांत पाठ होतं. पण तारा सरळ करून, एका उंचीवर कापून, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवून दाबायला बोटांना सराव लागतो. फायबर तर त्याहून नाजूक. त्यातली काच १२५ मायक्रॉनची, म्हणजे जेमतेम केसाएवढी, आणि त्यातल्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो ९ मायक्रॉनच्या आसपास. तो गाभा समोरच्या गाभ्याला जुळवून वितळवून जोडायचा, याला स्प्लायसिंग म्हणतात. मशीन जुळवून देतं, पण काच स्वच्छ पुसणं आणि काटकोनात कापणं हे तुमच्या लेकराच्या हातात असतं. तो 'वायफायवाला' भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसून हे करत असतो. पुढच्या वेळी तो घरी आला तर त्याला पाणी द्या आणि तुमच्या मुलाला त्याच्या शेजारी बसवा.

पगाराचं खरं सांगते. सुरुवातीला तो थोडा असतो. फायबरची लाईन बघणारा, ऑफिसचे संगणक बघणारा, किंवा ज्याला नॉक म्हणतात त्या देखरेख केंद्रात रात्रपाळीला पडद्यावरचे लाल दिवे बघत बसणारा, यांची पहिल्या वर्षांची कमाई कधी कधी शेजारच्या घरातल्या ओव्हरटाइम करणाऱ्या ऑपरेटरपेक्षाही कमी भरते. मग भाऊबंद विचारतात, "शिकून काय मिळवलं?" ही पहिली दोन-तीन वर्षं लेकरापेक्षा आईबापाच्या कसोटीची असतात. त्या काळात त्याला नोकरी सोडायला लावू नका, आणि दर सहा महिन्यांनी दोन-चार हजारांसाठी नोकरी बदलायलाही लावू नका. या टप्प्यावर पगारापेक्षा एकच गोष्ट बघायची: त्याच्या हातून राउटर, स्विच, फायरवॉल यांचं काम होतं आहे का, की तो नुसत्या तक्रारी नोंदवून पुढे ढकलतो आहे? काम हातून होत असेल तर थांबू द्या. वर्षभर नुसता फोन उचलत असेल, तर मात्र दुसरीकडे बघा. पायरी चढली की पुढची दारं उघडतात. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या नवी मुंबईच्या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत, पुण्यातही आहेत, आणि तिथल्या यंत्रणेला दिवसरात्र जागी माणसं लागतात.

"पण आता एआय येतंय म्हणतात, हे काम राहील का?" हा प्रश्न रास्त आहे. राउटरवर एकच आज्ञा शंभर ठिकाणी टाइप करण्याचं काम कमी होतं आहे, आणखी होईल. म्हणून मुलाने पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा कामापुरती शिकलीच पाहिजे. पण या विद्येचा पाया फार सावकाश बदलतो, आणि पालक म्हणून तुम्हाला मी ही सगळ्यांत दिलाशाची गोष्ट सांगेन. इंटरनेटवर पत्ता लिहायची जी रीत मुलं आज शिकतात ती १९८१ साली ठरलेली आहे, आणि १ जानेवारी १९८३ ला त्या वेळच्या अर्पानेटने ती स्वीकारली. त्यात पत्ते साधारण ४३० कोटीच होतात. ते कमी पडू लागले म्हणून आयपीव्ही-६ ही नवी, अफाट मोठी पद्धत आली. आपल्या मोबाईलवर ती मोठ्या प्रमाणात वापरातही आहे, आणि तरी जुनी रीत अजून तिच्या शेजारी चालूच आहे. मोबाईलचं ॲप दोन वर्षांत जुनं होतं. सबनेटचं, म्हणजे पत्त्यांचे गट पाडायचं, गणित नीट शिकलेल्याला ते आयुष्यभर पुरतं. आणि उंदराने कुरतडलेली केबल किंवा जेसीबीने तोडलेलं फायबर कुठलाही प्रोग्राम जोडून देत नाही.

मुलींबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. "मुलगी आहे, बसून करायचं काही बघा," असं म्हणून चांगल्या चांगल्या पोरी या कामापासून दूर ठेवल्या जातात. स्विचचं जाळं दुहेरी वाटांनी बांधलं की संदेश गोल गोल फिरत राहून सगळं नेटवर्क गुदमरतं. त्यावर स्पॅनिंग ट्री ही तोड १९८५ मध्ये रॅडिया पर्लमन या बाईंनी काढली, आणि ती पद्धत व तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही जगभरच्या स्विचमध्ये चालतात. एक स्विच गेला तर संदेश दुसऱ्या वाटेने फिरतो असं मी वर म्हणाले, त्याच्या मुळाशी या बाईंची बुद्धी आहे. तुमची मुलगी शिडीवर चढली तर पडेल ही भीती मुलाच्या बाबतीतही तेवढीच खरी आहे. दोघांनाही हेल्मेट आणि पट्टा लागतो. रात्रपाळीची काळजी मात्र मला समजते आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. कंपनीची गाडी घरापर्यंत येते का, पाळीला आणखी बायका असतात का, रात्री सुपरवायझर कोण असतो, हे तुम्ही विचारा, मुलीलाही विचारायला शिकवा. उत्तरं समाधानाची नसतील तर ती नोकरी नाकारा. क्षेत्र नाकारू नका. आणि लग्न ठरवताना "हिला रात्रीचे फोन येतात" हे लपवू नका, आधीच सांगा. बिघाडाचा फोन रात्री दोनला येऊ शकतो आणि घरच्यांनी ते आधीच मान्य केलेलं असलं तर तिचं अर्धं ओझं उतरतं.

इंग्रजीचा बाऊ करू नका. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला उपकरणाची माहितीपुस्तिका रोज एक पान वाचायला लावा, वर्षभरात ती भाषा सवयीची होते. तिच्यात शब्द थोडे असतात आणि तेच तेच येतात. बोलायचं इंग्रजी कामावर येतं.

घरी शिकायला खर्च किती? पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत क्रिम्पिंग टूल, केबल टेस्टर आणि कनेक्टर मिळतात. बदलून टाकलेले जुने राउटर ओळखीच्या दुकानांत, ऑफिसांत पडलेले असतात, मागितले तर लोक देतात. त्या पसाऱ्याला घरात एक कोपरा द्या आणि तो आवरायला लावू नका. घरचं वायफाय मुलाने मोडलं तर रागावू नका, पण जोडून द्यायची जबाबदारी त्याचीच, संध्याकाळच्या मालिकेच्या आत.

आणि आपल्या एमआयडीसीचा उपयोग करून घ्या. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्यासाठी केंद्र सरकारचं अप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे, त्यावर जिल्हा आणि ट्रेडनुसार जागा दिसतात, आणि शिकाऊ काळात विद्यावेतनही मिळतं. जागा शोधताना उत्पादनाच्या लाईनवर समाधान मानू नका. मेंटेनन्स किंवा आयटी विभाग मिळतो का ते आधी विचारायचं, कारण नेटवर्कचे रॅक त्यांच्याच ताब्यात असतात. तो अर्ज मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावा, नोंदणीपासून कागदपत्रं चढवण्यापर्यंत. सेवा केंद्रात पैसे देऊन दुसऱ्याकडून भरून घेऊ नका. साइट अडकेल, ओटीपी येणार नाही, फोटोचा आकार चालणार नाही. ते सगळं त्याचं त्याला सोडवू द्या.